पेर पोचले काय?

नुरुद्दीन कुवेतला होता तोवर सलीमाची त्याच्याबद्दल एकच तक्रार होती, की तो इथे नाही. तो कायमचा परत आला आणि ती तक्रार मिटली. तिच्या जागी मग त्याच्या तक्रारी सुरू झाल्या. चहा पाणचट लागतो. पंखा आवाज करतो. मसुऱ्याच्या बाजारात धड ब्रेड मिळत नाही. सलीमा हसून सगळं ऐकून घ्यायची. पंचवीस-सव्वीस वर्षं परक्या मुलखात दुकान सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या घरात रुळायला वेळ लागणारच, असं ती मनाला समजवायची. पण एक तक्रार मात्र तिच्या जिव्हारी लागली. पहिल्याच हिवाळ्यात तिने परसातला पिकलेला पेरू कापून त्याच्या हातात दिला. त्याने एक घास खाल्ला, उरलेला ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "ती चव ऱ्हवली नाय गो."

ती चव म्हणजे कोणती, हे दोघांनाही ठाऊक होतं. घरामागे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेच्या वरच्या अंगाला सलीमाने वेंगुर्ल्याहून आणून पेरूची कलमं लावली, तेव्हा त्यांचा मुलगा शाहीद रांगत होता. आतून गुलाबी निघणारी जात. झाडं धरू लागली तेव्हापासून दर हिवाळ्यात, मोहल्ल्यातलं कोणी रजा संपवून कुवेतला निघालं की आदल्या दिवशी दारात येऊन विचारायचं, "सलीमा, काय देवचा आसा?" ती पेर म्हणजे पेरू काढायची, एकेक कागदात गुंडाळायची आणि पिशवी भरून द्यायची. मग आठवड्याने फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पेर पोचले काय?"

"पोचले," नुरुद्दीन म्हणायचा. "सगळ्या खोलयेत वास सुटलोहा."

पुढे थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही. त्या काळात फोन महाग होता, तरी दोघं तेवढा वेळ गप्प राहण्यात घालवायची. खरं सांगायचं तर सलीमा त्या गप्प राहण्याचीच वाट बघायची. त्या वेळात तो तिच्या अगदी जवळ असायचा. आता समोरच्या खुर्चीत बसून मोबाईल चाळत असतो, त्यापेक्षा कितीतरी जवळ.

त्याला रजा मिळायची ती मे महिन्यात. घरात आंबे, फणस, पाहुणे आणि कोणा ना कोणाचं लग्न. पेरूच्या झाडांकडे तेव्हा कोण बघतो?

तर चव गेली. का गेली, हे नुरुद्दीनने एका दुपारी आरामखुर्चीत पडल्या पडल्या ठरवूनही टाकलं. "झाडां उपाशी आसत," तो म्हणाला. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावर फार भरवसा असतो. त्याच्या बापजाद्यांचा धंदा सुक्या मासळीचा. खाडीकाठच्या मोहल्ल्यात नारळाच्या बुंध्याशी खाऱ्या मासळीचा चुरा आणि वर दोन-चार ओंजळी जाडं मीठ घालायची रीत जुनी आहे, आणि नारळ त्यावर असा लगडतो की बघत राहावं. नुरुद्दीनने विचार केला, नारळाला जे मानवतं ते पेरूला का नाही? त्या उन्हाळ्यात सलीमा सुनेच्या, बुशराच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. तिला परत आल्यावर थक्क करायचं म्हणून त्याने ओळखीच्या वखारीतून मासळीचा चुरा आणि मीठ आणवलं आणि एकाही पेरूला कमी पडू दिलं नाही.

सलीमा परत आली आणि खरोखरच थक्क झाली. गावातली सगळी मांजरं तिच्या परसात मुक्कामाला होती. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या, आणि सुपारीएवढी फळं झाडाखाली सडा घातल्यासारखी पडली होती.

तालुक्याच्या कृषी कार्यालयातली दिव्या शेजारच्या वाडीत काजू बघायला आली होती. सलीमाने तिला हाताला धरून आणलं. मुलगी गुणी होती. तिने बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली, वास घेतला, तपासणीसाठी पिशवीत भरली. मग नुरुद्दीनकडे बघून ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणाली, "काका, नारळाला मीठ चालतं. पेरूला नाही चालत. तुम्ही त्यांना जेवणाऐवजी नुसतं लोणचं वाढलंत."

नुरुद्दीन त्यावर हसला, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. त्या दिवसापासून त्याने बागेतून अंग काढून घेतलं. "माझो हात मातयेचो नाय," तो म्हणायचा. "माझो हात गल्ल्याचो." आणि नेमका त्याच सुमाराला कोयाचा फोन आला. कोया म्हणजे कुवेतमधला त्याचा खोलीतला जुना सोबती, केरळचा. त्याने आता स्वतःचं मोठं दुकान काढलं होतं आणि त्याला विश्वासाचा माणूस हवा होता. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न, आणि कधी यायचं ते नुरुद्दीनने ठरवायचं. तेव्हापासून संध्याकाळी फोनवर हिंदीत लांबलचक गप्पा सुरू झाल्या. नुरुद्दीनच्या गालावर रंग आला. चिपीला उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला की तो हातातला कप ठेवून अंगणात जायचा आणि मान वर करून बघत राहायचा.

तिथे असताना हा माणूस घरासाठी झुरला. आता घरी येऊन तिथल्यासाठी झुरतोय. सलीमाला हे दिसत होतं, आणि याला काय म्हणावं ते कळत नव्हतं.

"जातल्यात काय?" तिने एकदा विचारलंच.

"बघूया," तो म्हणाला. "पेरात ती चव परत इली तर कित्याक जातंय?"

तो हे हसत म्हणाला होता. सलीमाला मात्र हसू आलं नाही. तिला या जगात आता एकच गोष्ट हवी होती. तो इथे राहायला हवा होता, आणि मन मारून नव्हे, आवडीने. त्यासाठी पेरूत चव आणायची असेल तर ती पेरूत चव आणणार होती.

पाऊस पडायच्या आत तिने प्रत्येक झाडाभोवतीची वरची खारट माती खरवडून काढली आणि टोपल्या भरभरून नारळांना नेऊन घातली. नारळ खूश झाले. मग दिव्याने सांगितल्याप्रमाणे उताराच्या बाजूने चर मारले. आषाढातल्या धारांनी उरलेलं मीठ विरघळवून त्या चरांतून खाली नेलं. खाडीतून आलेलं मीठ खाडीत गेलं. झाडांच्या मधल्या जागेत तिने धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक, पेरला. तो कमरेएवढा झाला की फुलं यायच्या आत कापून तिथेच जमिनीत गाडायचा असतो. इतकं हिरवंगार पीक मातीत दाबताना बघून नुरुद्दीन म्हणाला, "येडी झालंस काय गो?" ती गाडतच राहिली. तिच्या तोंडात पदर खोचलेला होता.

मग शेण. त्यासाठी हौसाबाई. हौसाबाई वरच्या वाडीतली, तीन गायींची मालकीण, आणि तिच्या जिभेला कधी सुट्टी नसायची. चांगलं कुजलेलं शेणखत ती घमेल्याने द्यायची आणि सोबत चार गोष्टी फुकट सुनावायची. जीवामृताचं पिंप सलीमाने परसातल्या फणसाखाली, सावलीत ठेवलं. ताजं शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, बांधावरची मूठभर माती आणि पाणी, असं सगळं कालवून रोज सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. आठवडाभराने ते आंबूस वास मारायला लागलं की पातळ करून झाडांच्या मुळाशी घालायचं.

"सलीमा, माझ्या गायीचा दूध हॉटेलवाल्याक आणि मूत तुझ्या पेराक," हौसाबाई पिंपात डोकावून म्हणाली. "गायीक काय वाटात गो?"

"तिका बरा वाटात," सलीमा म्हणाली. "हॉटेलवालो त्यात पाणी घालता. मीयव घालतंय. पण मी सांगान घालतंय."

नुरुद्दीन वाऱ्याच्या उलट बाजूला, अत्तराचा रुमाल नाकाला लावून उभा असायचा. पण उभा असायचा, हे सलीमाने बघून ठेवलं होतं. कधीमधी रुमाल खिशात घालून चार वेळा काठीही फिरवायचा. तेवढ्याने तिला दिवसभर बरं वाटायचं.

त्या हिवाळ्यात फळ बेताचंच आलं. पण मातीने रंग बदलला. झाडाखाली वाळक्या पानांचा पातेरा आणि गिरीपुष्पाचा पाला अंथरलेला असायचा. तो हाताने बाजूला केला की खाली ओलसर, काळपट, भुसभुशीत माती, आणि उजेड पडताच लगबगीने आत शिरणारी गांडुळं. सलीमा उगाचच रोज एकदा पाला उचलून बघायची. पुढच्या उन्हाळ्यात तिने पाणी तोडून झाडांना ताण दिला, शेंडे छाटले. मृगाला फुलं आली ती पानांपेक्षा जास्त. मग तिने मन घट्ट करून एका डहाळीवर दोनच फळं ठेवली, बाकीची खुडली. फळमाशीचे सापळे टांगले.

आणि मार्गशीर्षात पेर आले. हातात धरला की हात भरेल असा एकेक, वरून फिकट पिवळा, डाग नाही, किडा नाही. कापला की आत गुलाबी. खारेपाटणचा एक व्यापारी नुसतं ऐकून बघायला आला आणि सगळा माल मागू लागला. हौसाबाईने आंगणेवाडीच्या जत्रेसाठी दोन टोपल्या आत्ताच सांगून ठेवल्या. दिव्याने तीन गावांतले शेतकरी आणून त्यांना सलीमाची माती दाखवली, आणि निघताना स्वतः दोन पेर खाल्ले.

सलीमाला या कशाचंच काही नव्हतं. ती कोपऱ्यातल्या झाडाकडे बघत होती. ते पहिलं लावलेलं. त्याच्यावरचा, पोपट चोच मारायच्या बेतात होते असा, पूर्ण पिकलेला पेर तिने तोडला, चार फोडी केल्या, वर मीठ-तिखट भुरभुरलं, आणि बशी नुरुद्दीनसमोर ठेवून उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा कालवण वाढून उभी राहिली होती, तशीच.

त्याने एक फोड खाल्ली. सावकाश खाल्ली. प्रामाणिक माणूस, मन लावून खाल्ली.

"चांगलो आसा," तो म्हणाला. "गोडी आसा. पण तो नाय."

दुसरी फोड त्याने अर्धी खाऊन ठेवली. दोन वर्षांचं शेण, गूळ, पाला आणि घाम त्या एका 'पण'मध्ये गेलं. त्याच संध्याकाळी त्याने कोयाला होकार दिला.

तिकीट आलं. नुरुद्दीनने पाच दिवस आधीच बॅग भरली. इस्त्रीचे शर्ट, अत्तर, साबणाच्या वड्या, कोयासाठी सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोलंबीचा, पुडा. सलीमा भांडली नाही. भांडायला माणसात जोर लागतो, आणि तिचा जोर त्या बशीपाशीच संपला होता. आत कुठेतरी ती जुन्या दिवसांत परत जाऊन बसलीही होती. उद्यापासून फोन, वाट बघणं, आला-गेला कोण त्याला निरोप. त्या कामाचा तिला सराव होता. हातांना तर अजूनच होता. तिने झाडाखाली जाऊन हिरवे, कडक पेर काढले, एकेक कागदात गुंडाळला आणि शर्टांच्या घड्यांमध्ये नीट रचला. नुरुद्दीनने वरून बॅगेची चेन ओढली.

निघायच्या आदल्या दुपारी सलीमा भाकऱ्या भाजत होती. तो दाढीचं सामान बॅगेत टाकायला आतल्या खोलीत गेला.

"सलीमा."

ती हाक ऐकली आणि तिची भाकरी तव्यावरच राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता, पण कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. फोनवरचा आवाज होता तो.

ती धावत गेली. नुरुद्दीन जमिनीवर बसला होता. समोर बॅग उघडी, हातात कागदातून सोडवलेला पिवळा झालेला पेर, त्याला एक मोठा घास मारलेला. डोळे भरून आले होते.

"हो तोच," तो म्हणाला. "हो तोच गो. खंयच्या झाडाचो?"

सलीमाला आधी काही कळेना. मग तो वास तिच्यापर्यंत आला. बंद बॅगेत चार दिवस पिकलेल्या पेरूचा वास, त्यात इस्त्रीच्या शर्टांचा, साबणाचा, अत्तराचा, आणि तळाशी थोडासा सुंगटांचाही.

"खंयच्या म्हणजे?" ती म्हणाली. "त्याच कोपऱ्यातल्या. बशयेत अर्धो ठेवल्यात, तेच्याच शेजारचो."

"मगे हो असो कसो?"

"तो झाडार पिकलेलो. हो कच्चो काढलंय." बोलता बोलता तिचं तिलाच उलगडत गेलं. "तुमका धाडी होतंय ते सगळे कच्चेच. पिकलेलो इतक्या लांब टिकतलो काय? झाडार पिकलेलो एकव थंय तुमच्या पोटात कधी गेलो नाय."

नुरुद्दीन हातातल्या पेरूकडे बघत राहिला. सलीमाला एकदम राग आला. पायापासून डोक्यापर्यंत.

"दोन वर्सां मी शेणात हात घालून बसलंय," ती म्हणाली. "जमिनीतला मीठ काढलंय. लोकांची बोलणी खाल्लंय. आणि तुमका व्हयी होती बॅगेची चव." मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती दाराला टेकून खाली बसली, आणि हसण्याचं रडं कधी झालं ते तिलाही समजलं नाही. "ही चव घराची नाय वो. ही घर लांब आसताना लागता ती. ती मातयेत खंयसून येतली?"

त्याने हातातला पेर कागदावर ठेवला.

"ती व्हयी तर लांबच जावक व्हया. जावा मगे. पण माझा एक ऐका. तुमी कुवेताक होतात तेवा मी तुमची वाट बघी होतंय. तुमी इल्यात, तरी ती संपाक नाय. समोर बसल्यात तरी मी आपली बघतच आसंय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"थंय हो खाताना मी काय करी होतंय, ठावक आसा?" नुरुद्दीन म्हणाला. "डोळे मिटून हंय येय होतंय. ह्या परसात. तू पेर काढतंस, ता बघी होतंय. आता हंयच बसलंय. डोळे मिटून खंय जावचा, ता कळना नाय."

सलीमाने डोळे पुसले आणि उठली. परसात गेली. कोपऱ्यातल्या झाडावर एक पेर इतका पिकला होता की हात लागताच देठ सुटला. उन्हाने कोमट झालेला, मऊ, जरा दाबला तर फुटेल असा. तो तिने न कापता, तसाच आणून त्याच्या हातावर ठेवला.

"हो न्हेवक जमाचो नाय," ती म्हणाली. "हो हंयच खावचो लागतलो."

त्याने खाल्ला. या वेळी डोळे उघडे ठेवून, तिच्याकडे बघत खाल्ला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. बरा आहे की नाही, तोच आहे की नाही, काहीच बोलला नाही. बिया चावून संपल्यावर तळहात पुसत त्याने विचारलं, "आजून आसा काय एक?"

संध्याकाळी त्याने कोयाला फोन केला. हिंदीत बरंच काही बोलला. सलीमाला त्यातलं एवढंच कळलं की कोया रागावला, मग हसला. ती बॅगेतले शर्ट काढायला गेली तेव्हा नुरुद्दीन तिला म्हणाला, "ऱ्हवांदे. बॅग ऱ्हवांदे तशीच."

ती बॅग आता माळ्यावर असते. नुरुद्दीन सुधारला, असं म्हणवत नाही. विमानाचा आवाज आला की अजूनही अंगणात जातो. पिंप मात्र तोच ढवळतो, आणि रुमाल घरी ठेवून. पेरूचा हंगाम आला की सलीमा पाच-सहा हिरवे, कडक पेर कागदात गुंडाळते, बॅगेत दोन इस्त्रीचे शर्ट आणि साबणाची एक वडी ठेवते, त्यांच्यामध्ये पेर रचते आणि चेन ओढते. मोहल्ल्यात याला हसतात. हसू देत. चार-पाच दिवस घरात कोणी बॅगेचं नाव काढत नाही. मग एका दुपारी नुरुद्दीन शिडी लावून माळ्यावर चढतो, एकटाच.

यंदाही चढला. सलीमा चुलीपाशी होती. वर चेन उघडल्याचा आवाज आला, कागद चुरगळल्याचा आला. मग काहीच ऐकू येईना. तिने तवा खाली उतरवला.

"पेर पोचले काय?" तिने चुलीपाशी बसूनच विचारलं.

वर कोणी बोलत नव्हतं. तीही गप्प राहिली. ते जुनं गप्प राहणं घरभर पसरलं, आणि ते कितीही लांबलं तरी तिला चाललं असतं.

"पोचले," तो म्हणाला, आणि शिडी उतरून खाली तिच्याकडे आला.